खालची पट्टी

४ नोव्हेंबर, मंगळवार

नानाखेडा शांत झाला आहे. खिडकीतून बस स्टँड दिसते. बसेस लागतात, सुटतात, कंडक्टर दारात लटकून तोंड उघडतात. पण पूर्वीचा गोंगाट नाही. नगर निगमने हॉर्नवर काही बंदी आणली असावी. हे घर घेतले तेव्हा सगळे म्हणाले होते, बस स्टँडसमोर बसून आवाजाचे काम कसे करणार? आता करता येते. ज्याने कोणी हे केले त्याचे आभार.

आल्हाद सकाळी डिस्क देऊन गेला. माधव नगरच्या सुधाकररावांचे सहस्रचंद्रदर्शन रविवारी झाले. वय एक्क्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त. आल्हादने शूट केले, मी जोडणार. आमची वाटणी जुनी आहे. लग्ने, मुंजी, एकसष्ट्या, सगळे तो टिपतो आणि मी कापतो.

सुधाकररावांची मुलगी अमृता इंदूरला असते. तिचा फोन आला. मीनाने घेतला आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून सगळे सांगितले. समारंभात ढोल वाजू लागले तेव्हा सुधाकररावांच्या कानातले यंत्र शिट्टी मारू लागले. त्यांनी ते काढून खिशात ठेवले. ते खिशातच असताना ढोल थांबले आणि बायकांनी उषाबाईंना नाव घ्यायला लावले. उषाबाईंनी उखाणा घेतला. सगळे हसले, टाळ्या पडल्या. सुधाकररावांनीही टाळ्या वाजवल्या. ऐकू काहीच आले नव्हते.

आता ते रोज विचारतात आणि उषाबाई सांगत नाहीत. ‘एकदा घेतलं, झालं. नाव काय पुन्हा पुन्हा घ्यायची वस्तू आहे?’

म्हणून सुधाकररावांचा निरोप असा: परागरावांना सांगा, बाकी काय हवे ते कापा, हिचे नाव तेवढे मोठ्या आवाजात लावा.

बावीस तारखेला त्यांचा मुलगा अपूर्व कॅनडाहून येतो आहे. त्याला समारंभाला रजा मिळाली नव्हती. त्याच्या आधी फिल्म हवी.

मीना फोन छान घेते. हल्ली सगळे फोन तीच घेते. मग समोर बसून एकेक शब्द सुटा करून सांगते, पहिलीच्या वर्गाला शिकवावे तसे. शाळा सुटली तरी सवय सुटली नाही.

५ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा. क्षिप्रेवर गर्दी, रिक्षा मिळत नाहीत म्हणे. मला कुठे जायचे नव्हते.

काम सुरू होत नाही. चित्र लगेच दिसते, पट्टी येत नाही.

चित्राखाली दोन पट्ट्या असतात. त्यांत आवाज स्वतःचे चित्र काढतो. मोठा तिथे डोंगर, हळू तिथे गवत, नाही तिथे सरळ रेघ. सॉफ्टवेअरवाले वेव्हफॉर्म म्हणतात, आम्ही पट्टी म्हणतो. वरच्या पट्टीत हॉलचा आवाज. खालच्या पट्टीत सुधाकररावांच्या सदऱ्याला लावलेल्या छोट्या माइकचा.

दोन्ही रिकाम्या आहेत. बऱ्याच वेळाने डावीकडून थोडे काही उमटते. भिंतीवर ओल चढावी तसे. जवळून बघायला चित्र मोठे केले की पुसले जाते आणि पहिल्यापासून सुरू.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आल्हाद आला. मीनाने पोहे केले होते.

त्याने मशीन पाहिले. म्हणाला, “कॅमेरा नवा आहे ना दादा. फाइल भारी बनवतो. सॉफ्टवेअर आधी ती पूर्ण वाचणार, मग लाइन काढणार. टाइम तर लागणारच.”

“मग करायचं काय?”

“सेटिंगमध्ये जाऊन वेव्हफॉर्मच बंद करून टाका ना. सगळे तेच करतात. एकदम मक्खन चालेल.”

“आणि कापू कशाने?”

“काना—” एवढे म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागला. लिंबू पिळून झालेले होते.

मीना म्हणाली, “आल्हाद, शेव घे.”

त्याने शेव घेतली. मग माझ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “नाही दादा, गलत बोललो मी. पट्टी तर पाहिजेच. पट्टीशिवाय काय खाक काम होणार! मी बघतो काही जुगाड.”

आल्हाद मोठ्याने बोलतो. वरातींत राहून सवय झाली असणार. बरे वाटते. बाकी सगळे जग पुटपुटायला लागले आहे.

मुलगा गुणी आहे. म्हणजे आता चाळिशीला आला, पण मला मुलगाच. प्रत्येक शॉटच्या आरंभी तो कॅमेऱ्यासमोर येऊन एक टाळी देतो. पट्टीवर ती सुळक्यासारखी दिसते. दोन कॅमेऱ्यांचे सुळके एकाखाली एक ठेवले की चित्र आणि आवाज जुळतात. हे मी त्याला शिकवले नव्हते. अलीकडे त्याचे त्यालाच सुचले.

८ नोव्हेंबर

इंटरनेटवर शोधले. जगभर लोकांची हीच तक्रार आहे. उत्तरही सगळीकडे एकच: पट्टी दाखवणे बंद करा. एकाने लिहिले आहे, कान दिलेत ना देवाने? जबाब द्यावासा वाटला. दिला नाही.

हे लोक कसे कापत असतील? कान फसवतो. हॉल घुमतो, पंखे असतात, माणसे एकमेकांवर बोलतात. डोळा फसवत नाही. पट्टीवर हसणे कंगव्याच्या दातांसारखे दिसते. टाळ्या म्हणजे भिंत. ‘सावधान’ची सुरुवात केसासारखी बारीक आणि मध्ये पोट. ‘प’ एकदम उभा राहतो, ‘स’ सरपटत येतो. बोलणारा कोण हे मी पुष्कळदा पट्टीवरून सांगतो. आल्हाद लोकांना ते कौतुकाने सांगतो.

ही विद्या मला कोणी दिली नाही. गेल्या काही वर्षांत हळूहळू आली. मिळाली याबद्दल मी ऋणी आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस हेच. सॉफ्टवेअरच्या जुन्या तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या. मशीन बंद करून चालू केले. दुसरे काही उघडे ठेवले नाही. पट्टी काढायला लावून मीनाबरोबर कोठी रोडवर फिरून आलो. परत येऊन पाहतो तर अर्धी पट्टी. खालची तर जवळजवळ कोरीच.

हेडफोनही कमकुवत निघाला. नवा आणला होता. आवाज येतो, शब्द येत नाहीत. कंपन्या आता काहीही बनवतात.

आज पहिल्यांदा वाटले, हे काम हातून जाईल का? पट्टी अशीच रांगत राहिली तर मी काही कापू शकत नाही. फ्रीगंजमध्ये दोन नवी दुकाने झाली आहेत, तिथली पोरे संध्याकाळपर्यंत फिल्म देतात. मला दुसरे काही येत नाही.

मीनाला हे बोललो नाही. ती म्हणाली, “अहो, एवढं काय? होईल.” मी काही विचारले नव्हते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज जमले.

मीना देवासला बहिणीकडे गेली होती. एरवी ती शेजारी मेथी निवडत बसते. तिला या कामाची गोडी लागली आहे. कुठे चुकले तर माझ्या मनगटावर बोट टेकवते. मी मागे जातो, पुन्हा कापतो. बहुधा तिचे बरोबर असते. आज ती नव्हती. एकट्यानेच केले, आणि उखाण्याची जागा सापडली.

चित्र असे: दिव्यांचे मोठे तबक. कॅमेरा दिव्यांवर आहे. मागे बायका दाटीने उभ्या. उषाबाईंची पाठ आणि डोक्यावरचा पदर. ओठ कोणाचेच दिसत नाहीत.

वरची पट्टी तेवढ्या भागात उमटली होती. आधी बायकांचा गलबला. मग तो कमी होतो आणि एकच आवाज उठतो. ठसठशीत, दाट, मधे दम घेतलेला. मग एक सपाट जागा. मग हसण्याचा कंगवा आणि टाळ्यांची भिंत.

तो ठसठशीत आवाज म्हणजे उखाणा. या वयात उषाबाईंचा एवढा आवाज! हेडफोनवर घोगरा ऐकू आला. मी तो आणखी वाढवला. नंतरची सपाट जागा काढून टाकली. खालची पट्टीही तिथे सरळ होती, सुधाकररावांचा माइक बंद राहिला असणार. तिथे काही नव्हते. नाव आणि टाळ्या जोडल्या. घट्ट बसले.

सुधाकररावांना जे हवे होते ते मिळाले. अमृताला संदेश पाठवला, फिल्म तयार आहे.

संध्याकाळी मीना आली. “मी बघते एकदा,” म्हणाली. म्हटले, काही गरज नाही. उद्या बघ हवे तर.

१४ नोव्हेंबर

मीनाला आज बँकेत वेळ गेला. फिल्म पाहायची राहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सुधाकरराव स्वतः हजर. बरोबर उषाबाई. न कळवता आले. अमृता म्हणाली होती मोबाइलवर पाठवतील, पण त्यांना थांबवेना.

“मोबाइलवर नको,” सुधाकरराव म्हणाले, “मोठ्या स्पीकरवर ऐकणार. हिला पळायची सोय नको.”

त्यांचा आवाज फार स्वच्छ आहे. प्लॅटफॉर्मवर आयुष्य गेलेल्या माणसाचा. त्यांचे प्रत्येक वाक्य मला नीट समजले. असा माणूस भेटणे दुर्मीळ.

उषाबाई लहानखुऱ्या. कोपऱ्यात बसल्या. काहीतरी म्हणाल्या. मीना हसली, म्हणून मीही हसलो.

आल्हादही आला होता. मी फिल्म लावली, त्यांना हवे ते ठिकाण आधी. आवाज पूर्ण.

दिवे. गलबला. मग तो ठसठशीत आवाज.

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. आल्हाद जमिनीकडे बघत होता. मीना माझ्याकडे. स्क्रीनवर टाळ्या वाजत होत्या.

सुधाकरराव स्पीकरकडे वाकले. मग म्हणाले, “ही तर दुर्गा! माझी बहीण!”

मी म्हणालो, “काय?”

“दुर्गा बोलते आहे. ‘अगं घे पटकन, भजी गार होताहेत!’ हा उखाणा?” आणि ते हसायला लागले. खुर्ची हलेपर्यंत हसले. “बायकोचं नाव घेणं ऐकायला आलो आणि बहिणीची भजी ऐकली. तीपण फुल व्हॉल्यूममध्ये!”

मीना चटकन म्हणाली, “दुर्गाताईंचा आवाज मधे आला हो. होतं असं. माइकचं काही खरं नसतं.”

“हो ना,” आल्हाद म्हणाला, “माझीच गलती आहे, काका. माइक मी गलत लावला.”

सुधाकरराव त्यांच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता आहात,” ते म्हणाले.

“मोठ्यांशी बोलताना बघावंच लागतं. मान ठेवावा लागतो.”

“अस्सं. मीपण चार-पाच वर्षं सगळ्यांचा असाच मान ठेवत होतो. अगदी दूधवाल्याचासुद्धा.” त्यांनी कानातले यंत्र बोटाने ठोकले. “मग हे घेतलं. तुम्ही आमच्या पार्टीत कधीपासून?”

मी म्हणालो, माझे ठीक आहे. सॉफ्टवेअर हळू चालते आहे.

“मीपण म्हणायचो, अनाउन्समेंटवाले नीट बोलत नाहीत.”

उषाबाईंनी त्यांना बाहीला धरून उठवले. जाताना त्या माझ्याजवळ आल्या, काही बोलल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. काय बोलल्या ते नंतर मीनाला विचारले. मीना म्हणाली, “म्हणाल्या, चांगलं झालं सापडलं नाही ते.”

पण सुधाकरराव दारात थांबून म्हणाले ते मला समजले. “बावीस तारखेला मुलगा येणार. तो विचारणार, आई काय म्हणाली? मी काय सांगू, भजी?”

१६ नोव्हेंबर

काही केले नाही. चूक सॉफ्टवेअरची आहे. पट्टी वेळेवर आली असती तर असे झाले नसते.

जे उमटले नव्हते ते नाही असे मी धरले. एवढीच चूक. पण कापणाऱ्याने ती करायची नसते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आल्हाद आला, लॅपटॉप घेऊन. तो दोन दिवस याच्याच मागे होता म्हणे. मला सांगितलेही नव्हते.

“दादा, दोन गोष्टी आहेत.” समोर बसून, मोठ्याने, बोटे दाखवून. “एक. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये आवाज दाबून भरलेला आहे. तो मी बाहेर काढून वेगळी साधी फाइल बनवून आणली. दुसरी. तुमचं सॉफ्टवेअर पट्ट्या कुठे साठवतं माहिती आहे? त्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर. ती बिचारी रांगते. ती जागा बदलू.”

“ती डिस्क चांगली आहे.”

“म्हातारी झाली आहे, दादा. काम करते, पण तिच्याकडून पळापळ नका करवू.”

त्याने जागा बदलली. वेगळी आवाजाची फाइल चित्राखाली ठेवली, टाळीचा सुळका जुळवला. मीनाने चहा आणला. चहा निवायच्या आत दोन्ही पट्ट्या पूर्ण उमटल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोठे केले, पुसले गेले नाही.

मी बराच वेळ नुसते बघत बसलो. आल्हादने विचारले, “ठीक आहे ना?” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, “अरे काय दादा, तुम्हीपण ना!” आणि उठून खिडकीशी गेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ती सपाट जागा पुन्हा आणली. वरची पट्टी तिथे खरेच सपाट आहे. हॉलच्या माइकला काहीच मिळालेले नाही.

खालची सपाट नाही.

लांबून रेघच दिसते. पट्टी उंचीत मोठी करत गेलो, तशी रेघेला लव फुटली. आणखी मोठे केले. धाग्यासारखा एक आवाज. सुधाकररावांच्या सदऱ्याला माइक होता. उषाबाई कुंकू लावायला त्यांच्यापुढे वाकल्या आणि तशाच वाकून त्यांनी नाव घेतले. त्यांना एकट्यांना ऐकू जावे एवढ्याच आवाजात. ज्या चार बायका जवळ होत्या त्यांनी ऐकले, बाकीचे त्यांचे बघून हसले असणार.

दोन ओळी आहेत. मधे श्वास. पहिलीत तीन तुकडे, दुसरीत दोन. दुसरीचा आरंभ ‘स’ने. तो सरपटत येतो.

“इथे पहिली ओळ संपते,” मी म्हणालो. मीनाने कानाला हेडफोन लावला होता. तिने मान हलवली.

“आणि नाव इथे आहे.”

तिने पुन्हा मान हलवली. तिचे डोळे भरले होते. धुराने असेल, खाली कोणीतरी पाला जाळत होते.

मी हेडफोन घेतला. आवाज पूर्ण वाढवला. समुद्रासारखे काही आले. शब्द आले नाहीत. आणखी वाढवायला जागा नव्हती.

मी पट्टी पाहतो आहे. त्यात उखाणा आहे. तो कुठे सुरू होतो, कुठे श्वास आहे, कुठे नाव आहे, सगळे मला दिसते आहे. काय आहे ते माहीत नाही.

मीनाला म्हणालो, “शब्द सांग. कापायला लागतील.”

आल्हाद मागे उभा होता. तो म्हणाला, मी तळलेले गराडू घेऊन येतो, आणि निघून गेला. ही काही गराडू खायची वेळ नव्हती.

मीनाने पदर सारखा केला. माझ्यासमोर खुर्ची घेतली. मग नेहमीसारखे, एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

“रतलाम झालं, नागदा झालं, बदल्या झाल्या बारा,
परागरावांच्या सामानात सगळा माझाच पसारा.”

नाव चुकले. आमची तर एकही बदली झाली नाही, नानाखेडा सोडून आम्ही कुठे गेलो नाही. मी दुरुस्त केले नाही.

मग कापले. आधीची दुर्गाताईंची भजी तशीच ठेवली, खरी आहेत. फक्त वाढवलेला आवाज होता तेवढा केला. धागा उचलून वर आणला, मागची खरखर काढली. एका ठिकाणी मीनाने मनगटावर बोट टेकवले. मी श्वास कापला होता. परत ठेवला.

२० नोव्हेंबर

सुधाकररावांनी कोणाकडून तरी निरोप पाठवला होता, एकदा कान दाखवा, मोठ्यांचे ऐकावे. एवढ्या वयाच्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? योगायोगाने मीनाकडे डॉक्टरांचा नंबर होता, आणि योगायोगाने आजचीच वेळ मिळाली.

काचेच्या खोलीत बसवले. कानांवर हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबा. थोडे वाजले, दाबले. मग काही सुरू होईना. मशीन अडले असावे म्हणून मी वाट पाहत राहिलो. मग डॉक्टरांनी दार उघडले आणि खुणेने सांगितले, झाले.

त्यांनी कागद दिला. त्यावर एक रेघ. डावीकडे ठीकठाक, मग उतार, मग तळ. ते समजावू लागले. समजावायची गरज नव्हती, रेघ मला वाचता येते. जाड आवाज डावीकडे. बायकांचे आवाज, मुलांचे आवाज, ‘स’, ‘त’, ‘फ’, सगळे उतारावर. काही तळाशी.

यंत्र काही दिवसांनी येईल. त्याने काम सुटणार नाही, उलट सोपे होईल, असे ते म्हणाले. हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांचे आभार मानले.

मीना बाहेर बाकावर होती. तिला कसे सांगावे कळेना. शेवटी म्हणालो, थोडे कमी ऐकू येते म्हणतात.

ती म्हणाली, “असं का? बरं.”

तिने धक्का बसू दिला नाही. फार धीराची आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अपूर्व दुपारच्या विमानाने इंदूरला उतरणार. त्याच्या आधी सुधाकरराव आले. “मुलाच्या आधी माझा नंबर,” म्हणाले. उषाबाई यायला तयार नव्हत्या, तरी आल्या. पाठ वळवून खिडकीत उभ्या राहिल्या.

सुधाकररावांनी यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले. मी माझा हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. आवाज किती ठेवायचा ते मीनाने ठरवले.

लावले.

मी पट्टी बघत होतो. उभी रेघ सरकत आली. दिवे. गलबला. दुर्गाताईंचा डोंगर. सुधाकरराव थोडे हसले. मग धागा सुरू झाला. ते हसायचे थांबले. रतलामवरून रेघ गेली. नागदा. बारा. श्वास. ‘स’ सरपटत आला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. पट्टीवर नाव सुरू झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरही, एकाच वेळी. जुळले होते.

टाळ्या आल्या. त्यांनी बोटाने खूण केली: पुन्हा.

पुन्हा लावले.

पुन्हा.

उषाबाई वळून काही बोलल्या. मीनाने मला सांगितले, “म्हणताहेत, आता पुरे. झिजेल ते.”

सुधाकररावांनी हेडफोन काढला. यंत्र कानात घातले नाही. खुर्चीचे हात धरून उभे राहिले.

“त्या दिवशी मीपण उखाणा पाठ करून गेलो होतो,” ते म्हणाले. “नंतर मला म्हणाले असतील, आता तुम्ही घ्या. मला ऐकू आलं नाही. मी टाळ्या वाजवत बसलो.”

उषाबाईंनी हात जोडले. नको, नको, असे. इतक्या वर्षांत सुधाकररावांनी त्यांना नावाने हाक मारलेली नाही, असे मीनाने नंतर सांगितले. अगं, ऐकलंस का, एवढेच.

ते प्लॅटफॉर्मवर उभे राहिल्यासारखे सरळ झाले.

“कान गेले, दात गेले, गुडघ्यांनी सोडली साथ,
उषा मात्र अजून म्हणते, आधी धुवा हात!”

मीनाने तोंडावर हात धरला. उषाबाई लाल झाल्या. त्या तरातरा सुधाकररावांपाशी आल्या, त्यांच्या खिशातले यंत्र काढून त्यांच्या हातात कोंबले आणि ओरडल्या. त्यांना ऐकू जावे म्हणून ओरडल्या, म्हणून मलाही समजले:

“अहो, हळू! अख्ख्या कॉलनीला ऐकू गेलं!”

मला पूर्ण ऐकू आले होते.